वैनगंगेत डॉल्फिन का नाही?

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत सस्तन प्राण्यांचा धडा निघाला आणि डॉल्फिन हा मासा नाही असे मास्तरांनी सांगितले, की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो. मग आपल्या वैनगंगेत तो का नाही? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नदी मोठी आहे. पावसाळ्यात पवनीच्या घाटावर उभे राहिले तर पैलतीरावरचा माणूस ओळखू येत नाही. ढिवरांच्या कित्येक पिढ्या तिच्यातल्या माशांवर जगल्या. ‘डॉल्फिन समुद्रात असतात’ हे उत्तर टिकत नाही, कारण गंगेत, ब्रह्मपुत्रेत आणि चंबळेतही ते आहेत. ‘डॉल्फिनला थंड पाणी लागते’ असेही सांगणारे भेटतात. हे उत्तर पहिल्यापेक्षा फसवे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. काही डॉल्फिनना खरोखरच थंड पाणी लागते. तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच करू.

नकाशावर भंडाऱ्यावर बोट ठेवावे आणि किंचित पश्चिमेकडे सरकत सरळ दक्षिणेला न्यावे. कन्याकुमारी मागे पडते, विषुववृत्त मागे पडते, आणि साडेसात-आठ हजार किलोमीटरांनंतर बोट केर्गेलेन नावाच्या बेटांवर येऊन थांबते. महासागर आपलाच, हिंदी महासागर, पण त्याचे हे टोक अंटार्क्टिकाच्या शेजारचे. बेटे फ्रान्सच्या मालकीची. कायमची वस्ती नाही, संशोधकांचे एक ठाणे आहे. झाड म्हणावे असे झाड नाही आणि वारा बारा महिने झोडपत असतो. इथल्या खाड्यांत एक लहानसा डॉल्फिन राहतो, कॉमर्सनचा डॉल्फिन. फिलिबर कॉमर्सन हा फ्रेंच निसर्ग अभ्यासक बूगँव्हिल या दर्यावर्दीबरोबर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. १७६७ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत त्याने हे काळेपांढरे प्राणी पाहिले आणि त्यांचे वर्णन लिहून ठेवले. १८०४ मध्ये लासेपेद या प्राणिशास्त्रज्ञाने त्यांना कॉमर्सनचे नाव दिले.

या डॉल्फिनचे घर जगात दोनच ठिकाणी आहे. एक दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पाटागोनिया, तिएरा देल फुएगो आणि फॉकलंड बेटांभोवती. दुसरे केर्गेलेनला. मध्ये सुमारे साडेआठ हजार किलोमीटरांचा उघडा समुद्र आहे आणि त्यात हा प्राणी राहत नाही. त्याला किनारा लागतो, उथळ पाणी लागते, केल्प नावाच्या उंच समुद्री शेवाळाची दाट राने लागतात. मग केर्गेलेनला तो पोचला कसा? शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या अखेरीस, अमेरिकेकडची एखादी लहानशी टोळी पश्चिमी वाऱ्यांच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे आली आणि बेटे सापडल्यावर तिथेच राहिली. तेव्हापासून दोन्ही घरच्यांची गाठ पडलेली दिसत नाही. केर्गेलेनचे डॉल्फिन अंगाने मोठे झाले. अमेरिकेकडचा प्रौढ दीड मीटरच्या आत-बाहेर असतो, तर केर्गेलेनचा पावणेदोन मीटरला टेकतो आणि वजन ८० किलोच्या वर जाऊ शकते. रंगही थोडा बदलला. तिकडचे लख्ख काळेपांढरे, इकडच्यांच्या पांढऱ्यावर राखाडी झाक. २००७ साली केर्गेलेनच्या डॉल्फिनला स्वतंत्र उपजातीचा दर्जा मिळाला.

आता खरा पेच. केर्गेलेनभोवतीचे पाणी हिवाळ्यात एक-दोन अंशांपर्यंत उतरते. डॉल्फिनच्या शरीराचे तापमान मात्र आपल्यासारखेच, ३६-३७ अंशांच्या घरात. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. संक्रांतीच्या पहाटे वैनगंगेत बुडी मारणाऱ्याला हे सांगायला नको, आणि ते पाणी तर केर्गेलेनच्या हिशेबाने कोमट म्हणायचे. शिवाय हा डॉल्फिन जगातल्या सर्वांत लहान डॉल्फिनांपैकी एक. कपातला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, त्याच न्यायाने लहान शरीर मोठ्यापेक्षा लवकर थंड पडते, कारण वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त असते. म्हणजे थंड पाण्यात राहायला जो आकार सर्वांत गैरसोयीचा, नेमका तोच याच्या वाट्याला आला आहे. मला हा प्राणी आवडतो तो यासाठी.

तोटा भरून काढायच्या त्याच्या युक्त्या तीन. पहिली चरबी. कातडीखाली सर्वांगभर जाड थर असतो. ही चरबी ऊब धरते, उपासाच्या दिवशी शिधा होते आणि अंगाला गुळगुळीत, फुगीर आकार देते. कॉमर्सनचा डॉल्फिन कोकणात दिसणाऱ्या डॉल्फिनसारखा लांबोडका नसतो. चोच जवळजवळ नाहीच, डोके उतरते, धड गोलसर आणि सगळे पर आखूड, टोकांना गोलावलेले. जितकी कमी टोके, तितकी ऊब जायला कमी वाटा.

दुसरी युक्ती परांच्या आत आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. पाठीवरच्या परात, पुढच्या वल्ह्यांसारख्या परांत आणि शेपटीत चरबी नसते. तिथून सगळी ऊब गळून जायला हवी. परंतु पराचा आडवा छेद घेतला तर दिसते, की हृदयाकडून गरम रक्त आणणारी प्रत्येक रोहिणी मधोमध आहे आणि तिच्याभोवती परत जाणाऱ्या बारीक नीलांचे कडे आहे. टोकाला जाऊन थंड झालेले रक्त परतताना मधल्या गरम रोहिणीला बिलगून जाते आणि तिची ऊब उचलून शरीरात परत नेते. पराच्या टोकापर्यंत पोचते ते निवलेलेच रक्त. समुद्राला देण्यासारखे त्याच्याकडे फारसे उरत नाही.

जोरात पोहल्यावर अंग तापले, की उलटा कारभार सुरू होतो. परतीचे रक्त आतल्या कड्यातून न जाता कातडीलगतच्या नीलांतून वळते आणि पर ऊब बाहेर टाकायला लागतात. नरांची वृषणे पोटाच्या आत, पोहण्याच्या गरम स्नायूंच्या मध्ये दडलेली असतात. तिथल्या उष्णतेत शुक्राणू टिकले नसते. म्हणून पाठीच्या आणि शेपटीच्या परांतून आलेले थंड रक्त आधी त्यांच्याभोवती फिरवले जाते. ही रचना थंड-गरम पाण्यातल्या डॉल्फिनांत सारखीच सापडते. फरक असतो तो चरबी किती जाड आणि पर किती मोठे, याचा.

तिसरी युक्ती साधी आहे: खात राहणे. पाळलेल्या कॉमर्सन डॉल्फिनांची मोजदाद झाली तेव्हा ते रोज आपल्या वजनाच्या जवळपास दहावा भाग मासे खातात असे दिसले. साठ किलोच्या माणसाने रोज सहा किलो खावे तसे. केर्गेलेनला तो बर्फमासे खातो, अमेरिकेच्या किनाऱ्यावर लहान तारलीसारखे मासे, हेक, माकूळ आणि तळाचे झिंग्यांसारखे जीव. या भुकेमुळे त्याला मासळीपासून फार दूर जाता येत नाही. दोन-चार दिवसांचा उपास मोठ्या देवमाशाला जाणवतही नसेल, याला तो जिवावरचा असतो.

बाकीचे थोडक्यात सांगतो. मादी सुमारे अकरा-बारा महिने गाभण राहते. पिल्लू दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या दिवाळी ते होळीच्या सुमारास जन्मते आणि जन्मतःच ६५ ते ७५ सेंटिमीटर लांब असते. आईचे दूध गाईच्या दुधाच्या कितीतरी पट स्निग्ध. पिल्लाची चरबी त्यावरच चढते. नर-मादी ओळखायला पोटावरचा काळा ठिपका पाहतात. नराचा थेंबासारखा, मादीचा घोड्याच्या नालासारखा. गढूळ पाण्यात आणि केल्पच्या गर्दीत मासे हुडकायला हा आवाजाचे बारीक ठोके सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. ठोक्यांची पट्टी १३० किलोहर्ट्झच्या आसपास, माणसाच्या कानाच्या मर्यादेच्या सहापटीहून वर. इतकी उंच पट्टी कशाला? कारण बहुधा ऑर्का, म्हणजे शिकारी देवमासा. त्याला एवढे उंच आवाज नीट ऐकू येत नाहीत, तेव्हा याची शिकार गुपचूप चालू राहते.

कॉमर्सनच्या डॉल्फिनला तीन सख्खे भाऊबंद आहेत. एक चिलीला, एक नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, एक न्यूझीलंडला. चौघेही दक्षिण गोलार्धात आणि चौघेही थंड किंवा समशीतोष्ण पाण्यात. एकानेही विषुववृत्त ओलांडलेले नाही. भिंत कुठेच नाही, समुद्र सलग आहे, पण तीस अंशांचे पाणी हीच या अंगकाठीला भिंत. चरबीच्या रजईत आणि आखूड परांनिशी त्या पाण्यात माशाचा पाठलाग करायचा, तर तयार होणारी उष्णता टाकायची कुठे? केर्गेलेनचा डॉल्फिन वैनगंगेत का नाही, याचे उत्तर इथेच संपते. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. उथळ पात्रातल्या पाण्यात हात घालून पाहावा.

पण मागच्या बाकावरच्या पोराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. गरम पाण्यातले डॉल्फिन आहेत की! पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन राहतो. हर्णैला किंवा मालवणला होडीतून पर्यटकांना दाखवतात तो बहुतेक वेळा हाच. अडीच मीटरच्या पुढे वाढतो, लांब चोच, मोठे पर. साधारण २०-२५ मीटरांहून खोल पाण्यात तो सहसा जात नाही, नदीच्या मुखाशी गढूळ पाण्यात मजेत असतो. गंगेतला डॉल्फिन तर त्याहून तयारीचा. थंडीत आठ-दहा अंशांचे आणि उन्हाळ्यात तिशीपारचे पाणी तो सारख्याच सवयीने सोसतो. डोळ्याला भिंग नसल्यामुळे त्याला उजेड-अंधारापलीकडे फारसे दिसत नाही, बहुतेक वेळ तो कुशीवर पोहत तळ चाचपतो. २००९ साली त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून निवडले. देशातल्या नदी-डॉल्फिनांची पहिली सर्वंकष गणना मार्च २०२५ मध्ये जाहीर झाली. आकडा ६,३२७. उत्तर प्रदेशात २,३९७, बिहारमध्ये २,२२०, खालोखाल पश्चिम बंगाल आणि आसाम. राजस्थान आणि मध्य प्रदेश मिळून ९५. शेजारच्या मध्य प्रदेशापर्यंत आला म्हणावे, तर तो चंबळेत आला. चंबळेचे पाणी यमुनेतून गंगेला जाते. सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाशी उगम पावणाऱ्या वैनगंगेचे पाणी वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. हे दोन जलसंसार पाण्याने कुठेही जोडलेले नाहीत.

गंगेत डॉल्फिन मुळात आले कसे, याबद्दल बऱ्याच शास्त्रज्ञांना पटणारी एक मांडणी आहे. एक-दोन कोटी वर्षांपूर्वी समुद्राची पातळी उंच होती आणि हिमालयाच्या पायथ्याशी, आजच्या गंगा-सिंधूच्या मैदानात, उथळ समुद्र शिरलेला होता. या डॉल्फिनांचे पूर्वज तिथे होते. समुद्र हळूहळू हटला, नद्यांनी त्याची जागा घेतली, आणि पूर्वज नद्यांतच राहिले. दख्खनचे पठार आणि विदर्भाचा जुना कठीण खडक तेव्हाही उंचच होता. इथे समुद्राने तशी सोय करून ठेवली नाही.

म्हणजे वैनगंगेत यायचे तर बंगालच्या उपसागरातून गोदावरीमुखाने वर चढत यायला हवे. त्या कामाला लायक उमेदवारही त्या किनाऱ्यावर आहे. इरावडी डॉल्फिन ओडिशाच्या चिलिका सरोवरात राहतो आणि आग्नेय आशियात हीच जात म्यानमारच्या इरावडीत आणि मेकाँगमध्ये समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत कायमची वस्ती करून आहे. मग गोदावरीतून तो वर का आला नाही?

वाट किती अवघड आहे, याचा अनुभव माणसाने घेतला आहे. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे ब्रिटिश अभियंते आर्थर कॉटन यांच्या मनात नागपूर-वऱ्हाडचा कापूस गोदावरीतून बोटींनी समुद्रावर न्यायचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यावर पैसा आणि माणसे खर्ची पडली. नदीत तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा खुद्द प्राणहितेत, देवलमरीला, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात. मैलोन्‌मैल खडकांच्या रांगा, मधून फेसाळणारे पाणी. बाजूने कालवे आणि दरवाजे बांधायला घेतले, तापाने माणसे गेली, रेल्वे तोवर येऊन पोचली, आणि १८७१ साली सरकारने काम थांबवले. देवलमरीच्या वर वैनगंगेकडे मालवाहू बोटींची नियमित ये-जा कधी सुरू झालीच नाही.

खडक मात्र एकटे दोषी नाहीत. महापुरात ते बुडतात, तेव्हा दमदार डॉल्फिन वर चढूही शकेल. अडते ते पुढे, मे महिन्यात. गंगेला उन्हाळ्यात हिमालयाचे बर्फ पाणी पुरवते, मेकाँगला कोरड्या ऋतूतही खोल डोह आणि वाहती धार असते. वैनगंगेचा सारा भार पावसावर. तिला पाणी येते ते चार महिन्यांत आणि मग ती आक्रसत जाते. धार पातळ होते, वाळूचे पट्टे उघडे पडतात, डोहाडोहांमध्ये पाणी उरते. मरळ माशाला तेवढे पुरते, दीडशे किलोच्या आणि दर एक-दोन मिनिटांनी श्वासाला वर येणाऱ्या प्राण्याच्या कुटुंबाला पुरत नाही. थंडी-उष्णतेपेक्षा हे कारण मला अधिक वजनदार वाटते. डॉल्फिन नसण्याचा दोष वैनगंगेच्या गरम पाण्यावर घालणे बरोबर नाही. तिच्यात उन्हाळ्यात पाणीच कमी असते.

आता कोणी म्हणेल, गोसीखुर्दमुळे तर वर्षभर अथांग पाणी झाले आहे. झाले आहे खरे. पवनी तालुक्यातल्या या धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाले, तेहतीस दरवाजांच्या मागे नदी पसरली, आंभोऱ्याच्या पाच नद्यांच्या संगमापर्यंत फुगवटा गेला. पण नदीतल्या डॉल्फिनला धरण काय करते ते सिंधूच्या खोऱ्यात दिसते. १९३०च्या दशकापासून तिथे एकामागून एक बंधारे झाले, डॉल्फिनांच्या टोळ्या तुकड्यातुकड्यांत अडकल्या आणि बहुतेक तुकडे विझून गेले. आपल्याकडच्या बियास नदीत असा एक तुकडा २००७ साली पुन्हा सापडला. २०२५च्या गणनेत पंजाबात उरलेले डॉल्फिन तीन. शिवाय नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात येते, हे भंडाऱ्यात कोणाला नव्याने सांगायची गरज नाही.

असे असले तरी पाण्यात शिकार करणारा सस्तन प्राणी वैनगंगेच्या खोऱ्यात नाही असे मुळीच नाही. पाणमांजर आहे. भारतातल्या सखल नद्या-तलावांत मऊ केसांचे पाणमांजर सर्वांत जास्त पसरलेले. युरेशियन पाणमांजर मध्य भारतातून गेलेच असे वाटत होते, ते २०१६ साली कान्हा आणि पेंच यांच्यामधल्या जंगलपट्ट्यात कॅमेऱ्यात आले, म्हणजे वैनगंगेच्याच वरच्या अंगाला. ऊब राखायचा याचा मार्ग डॉल्फिनच्या अगदी उलट आहे. चरबी जवळजवळ नाही, सगळी भिस्त केसांवर. वरचे लांब केस पाणी अडवतात, खालची दाट लव हवा धरून ठेवते आणि ती हवाच रजईचे काम करते. डॉल्फिनने हा मार्ग का घेतला नाही? खोल बुडी मारली की पाण्याच्या दाबाने ती हवा पिळून निघते आणि केस निकामी होतात. चरबी दाबाखालीही चरबीच राहते. पाणमांजराला चार-पाच मीटरांच्या डोहात उतरायचे असते, तेवढ्याला केस पुरतात. शिवाय त्याला पाय आहेत. डोह आटला तर ते शेतातून चालत दुसऱ्या पाण्यावर, एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर जाते. देवलमरीचे खडक त्याला अडवत नाहीत.

केसांचा तोटा एवढाच, की ते स्वच्छ ठेवावे लागतात. पाण्यात तेलकट घाण आली की लव चिकटते, हवा धरत नाही आणि मासे भरपूर असूनही प्राणी गारठतो. नाग नदीच्या पाण्याचा प्रश्न म्हणून माणसांपुरता राहत नाही.

हा प्राणी क्वचितच समोर येतो, त्याच्या खुणा मात्र दिसतात. वैनगंगेच्या किंवा चुलबंद नदीच्या काठी, मामा तलावाच्या पाळीवर, पाण्यालगतच्या उघड्या खडकावर माशांचे खवले आणि काटे भरलेली, उग्र मासळी वास येणारी विष्ठा एकाच जागी वारंवार पडलेली दिसली, तर ती बहुतेक त्याचीच. फोटो काढा, शेजारी काडेपेटी ठेवून माप येऊ द्या, गावाचे नाव आणि तारीख लिहा आणि जवळच्या वन परिक्षेत्र कार्यालयात कळवा.